तिसऱ्या मजल्याची फरशी

कुठल्याही इमारतीत शिरले की पापा
आधी खाली बघायचे.
बँक असो, कुणाचं मयत असो, माझ्या लग्नाचा हॉल असो,
माणसांचे चेहरे नंतर.
आधी फरशी.

हॅमिल्टनला आले तेव्हा बावीस वर्षांचे होते.
नाव ओलिव्हो. मुकादमाच्या जिभेला ते जमेना,
त्यानं पगाराच्या पाकिटावर 'ऑली' लिहिलं
आणि चाळीस वर्षं कामावर ते ऑलीच राहिले.
घरी मात्र आई पूर्ण नाव घ्यायची,
शेवटचा ओ जरा लांबवून,
जणू ते अजून तालियामेंतोच्या पल्याड शेतात आहेत
आणि इकडे जेवण निवतंय.

मोझॅकचं काम. सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे,
मधे पितळेच्या पट्ट्या, मग घोटत राहायचं
दगडाच्या पोटातला रंग वर येईपर्यंत.
जानेवारीत ओल्या फरशीला गारठा लागू नये म्हणून
रात्र रात्र शेगडीपाशी जागायचे,
तान्ह्या मुलाच्या उशाशी बसावं तसे.
दीनो जन्मला त्या रात्रीही तिथंच होते,
कुठल्याशा शाळेच्या व्हरांड्यात.
आईनं हे एकदाच बोलून दाखवलं,
पोलेंटा ढवळता ढवळता, पाठमोरी.
पापा उठले, तिच्या हातातला डाव घेतला,
आणि पातेलं उतरेपर्यंत
तेच ढवळत राहिले.

रविवारी चर्चमध्ये सगळे गुडघे टेकत, हे उभे.
फादर जेनारोंनी एकदा हटकलं तेव्हा म्हणाले,
"आठवड्यातले सहा दिवस टेकतो की.
देवाला हिशेब येत असेल."

माझ्या शाळेत पालकसभेला एकदाच आले.
इस्त्रीचा शर्ट, नखांत राखाडी.
मिस हॅलोरन माझं कौतुक करत होत्या
आणि पापा मान खाली घालून.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
यांना इंग्रजी समजत नाही
हे आता सगळ्यांना समजणार.
बाहेर आल्यावर म्हणाले,
"दाराजवळची पट्टी उचकटलीय, पोरं ठेचकाळतील.
बाईंना सांग."
मग दहा पावलांनी,
"वर्गात पहिली, असंच म्हणाल्या ना?"

मी बाईंना सांगितलं नाही.
पुढच्या शनिवारी ते स्वतःच गेले,
पिशवीत हत्यारं घालून.

शेवटी छातीत धूळ बसली.
डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, पांढरे बारीक ठिपके,
आणि पापा बघत राहिले
ओळखीचं काही दिसल्यासारखे.
हॉस्पिटल तेच,
ज्याचा तिसरा मजला त्यांनी घातला होता.
मी चाकाची खुर्ची ढकलत होते.
दर पट्टीवर चाक टक् करायचं.
ते मोजत होते, हे मला उशिरा कळलं.
एकोणतिसाव्या टकीला हात वर केला.

"गावाहून निघताना नदीतला एक गोटा खिशात आला होता.
आणला नाही म्हणत मी. आला होता.
तो फोडला नाही, तसाच बसवला.
घोटून अर्धा राहिला असेल. इथंच कुठंतरी."

मी वाकून बघितलं.
हिरवे, काळे, पांढरे, तांबूस,
हजार तुकडे, सगळे परगावचे.
एक नर्स थांबली, काही पडलंय का म्हणून.
पापांनी तिला आयुष्यभर पुरवून वापरलेलं इंग्रजी ऐकवलं:
"नो प्रॉब्लेम. गुड फ्लोअर."

मार्चमध्ये ते गेले.

यंदा दीनोनं कळवलं,
तो मजला आता व्हिनाइलनं झाकणार आहेत,
धुवायला सोपं पडतं म्हणे.
मी गेले, भेटीची वेळ संपता संपता.
बूट हातात घेतले, मोज्यांनी चालले,
पट्ट्या मोजत, पायाला लागेल तशा.
एकवीस, बावीस.
कुणाची तरी खाट आली, मी भिंतीला सरकले
आणि आकडा सुटला.

परत लिफ्टच्या दारापर्यंत आले.
एक.