रकाना आठ

ओहोटीला खाली उतरलो, हातोडी आणि वही घेऊन.
खांब एक ते चौदा: वरून धड,
खाली कालवांनी धरलेत, म्हणून उभे.
नववा पोकळ. ठोकला की घागरीसारखा बोलतो.

आर्डस्कोरीच्या पुढं स्कॉटलंड संपतो.
टॉर्क्विल वरून दोर सोडत म्हणाला,
दगडी भाग हेरिंगच्या काळचा.
मीठ यायचं, पिंपं जायची.
एका साली माणसंच गेली, कॅनडाला.
त्याच्या पणजीच्या बहिणीची पेटी चढली,
मांजर इथंच राहिलं.

मी सांगितलं, माझ्या भाषेत
बोट लागते तो धक्का,
आणि देऊन दूर लोटतात, तोही धक्का.
तो हसला नाही. गाठ मारत राहिला.

आता आठवड्यातून दोनदा ट्रक येतो,
जिवंत कोळंबी स्पेनला जाते.

तिसऱ्या पायरीच्या कडेला एक खाच.
मासे चिरणाऱ्या बायका इथं सुऱ्या पाजवायच्या.
माझं बोट तिच्यात नेमकं बसलं.

रकाना सात, झीज: वीस मिलिमीटर.
रकाना आठ, उपाय:

पाणी घोट्याला लागलं.
टॉर्क्विल वरून हाका मारतोय.