राखण

तीस वर्षं मी पेंच ओळखत होतो ती आकड्यांत.
कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये
किती पाणी आलं, किती तापलं, किती वाफ होऊन गेलं
ते रात्रपाळीच्या वहीत निळ्या शाईनं मांडायचो.
नदीला आवाज असतो का, कुणी विचारलं नाही,
मलाही सुचलं नाही.

निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि पोरांनी वर्गणी काढून दिली
कार्बन फायबरची काठी, जपानी रीळ,
डबीत सहा रबरी बेडूक, हिरवेगार, डोळे वटारलेले.
"साहेब, आता मासे धरा." सगळे हसले.
दोन वर्षं ती कपाटावर पडून होती.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते.
पारशिवनीच्या पुढे, फाट्यावरून आत,
मुलानं बुक केलेली नदीकाठची झोपडी:
बाहेरून कुडाची, आतून एसीची.
दारापाशी पाटी: मासा पकडा, फोटो काढा, परत सोडा.

पहाटे चारला जाग येते, पाळीची सवय.
खाली डोहावर माझ्याआधीच कुणीतरी उकिडवं बसलेलं,
पदर खोचलेला, हातात बांबूची गरी.
सगुणा मारबते. इथं स्वयंपाक करते.
डाळ शिजेपर्यंत बसते म्हणाली, नजर पाण्यावरून न काढता.

"पाटी वाचली का जी?
धराचं अन् सोडाचं म्हणते.
मंग धराचंच काऊन?
तिच्या तोंडाले भोक पाडून का भेटतं माणसाले?"

मी रीळ उगाच फिरवत राहिलो.
तिच्या पिशवीत चार टेंगरे, मिशा हलवत.

तिचा आजा इथंच जाळं टाकायचा, वर धरण नव्हतं तेव्हा.
आता तलाव ठेक्यात आणि नदी भोंग्यावर.
"भोंगा झाला का उठाचं जी. मंग पानी कोनाचंच आयकत नाई."
भोंगा वाजवणारा मला दिसला:
माझ्यासारखाच कुणी, खुर्चीत,
फोन कानाला, चहा गार होऊ देणारा.

तेवढ्यात माझा बेडूक शेवाळाच्या कडेला पडला
आणि पाणी फुटलं.

असं कधी कुणी माझा हात ओढला नव्हता.
काठी वाकली, रीळ किंचाळली,
चप्पल चिखलात राहिली.
मरळ. हातभर लांब, सापाचं डोकं,
काठावर येऊनही माझ्याकडे बघतच नव्हती,
मागे बघत होती.

मागे पाण्यावर लालसर काही थरथरत होतं,
भिवापुरी मिरचीचं तिखट सांडावं तसं,
पसरत, पुन्हा गोळा होत, पुन्हा पसरत.

सगुणानं आपली गरी खाली ठेवली.
"लेकरावाली आहे."
मग जरा वेळानं,
"भुकेनं नाई धरला जी तिनं तुमचा बेडूक. राखनीनं धरला."

हात ओले करून तिनं मरळ मांडीशी धरली,
अंगठ्यानं गळ उलटा फिरवला, फार सावकाश,
बाळाच्या कानातलं काढावं तसा,
आणि तिला पाण्यात ठेवली. सोडली नाही, ठेवली.
लाल डाग आधी भांबावला,
मग तिच्यावर येऊन उभा राहिला, मग दोघं निघाले.

"पाटीसाठी नाई सोडली. तिकडं सांगजा,"
माझ्याकडे बघून ती म्हणाली. आणि डोहाकडे बघून,
अगदी मनापासून,
"दिवाळीनंतर ये वो माय. मंग खाईन तुले."

दुपारी टेंगऱ्यांचा रस्सा होता.
मेन्यूत नव्हता, फक्त माझ्या ताटात होता.
फोटो कुठंय, मुलानं विचारलं.

सोमवारी पहाटे मनीषनगरात नळ आला.
आधी हवा खोकली, मग पाणी.
बादली लावून मी डबी उघडली.
बेडकाच्या पाठीवर दातांची बारीक रांग होती.
मोजू लागलो, जुनी खोड,
अकरापर्यंत आलो असेन,
तोच आतून हाक आली:
"अहो, बादली वाहून चालली."