तीन शून्य शून्य, सतरा

टायरच्या कडेवरचे आकडे
मुरमाच्या रोडनं चाटून खाल्ले होते.
उकंडरावनं कानामागचा खडू काढला,
रबरावर आडवा घासला, फुंकर मारली.
शेवटचा सतरा तेवढा उगवून आला.

"सतरा म्हणजे रिंग," तो म्हणाला.
"पण रुंदी?"

मधोमध धागे दिसत होते,
दळणाच्या जुन्या पोत्यासारखे.
याच चाकावर मी दोन ट्रंका बांगड्या बांधून
आठवड्याचे पाच बाजार करतो.
बॉक्सर गाडी, सोळा वर्षांची.
ओझं काचेचं.

प्रणित सोबत होता. त्याला भिंतीवरचा
जाडजूड टायर दिसला.
"बाबा, शंभर-नव्वद टाका ना,
गाडी कशी भरल्यावानी दिसंल!"
उकंडराव हसला नाही.
चेनकव्हर आणि टायरच्या फटीत
त्यानं करंगळी घातली. जेमतेम गेली.
"चेनकव्हर घासंल, बापू.
अन् रिंग हाये अरुंद.
टायर तिच्यात आवळल्या जाईल,
मधातूनच झिजंल."

मी गप्प होतो.
मागच्या खेपेला चार पैसे वाचवायला
पुढच्या चाकाचं माप मीच मागं घातलं होतं,
पावणेतीनचं.
मानोऱ्याच्या अलीकडे, रपट्यावर,
सहा डझन हिरव्या बांगड्या
एका आवाजात गेल्या.

तो आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा.
एखादी बाई हट्ट धरते, दोन-चारच भर,
लग्नात दोन-चारच होती.
मी साबण लावतो, अंगठा तळहातात दुमडतो,
पण हातानं पंधरा हंगाम कापूस वेचलेला असतो,
हात काही लग्नातला राहिलेला नसतो.
काच हाडावर फुटते
आणि ती मलाच म्हणते, भाऊ, माल कच्चा हाये तुहा.

"तीन शून्य शून्य, सतरा,"
उकंडराव बोलला, कुठंही न पाहता.
"पन्नास नंबरचा घे. एकशेनव्वद किलो झेलते.
तू किती?"
"बासष्ट."
"ट्रंका?"
ट्रंका मी कधी तोलल्या नव्हत्या.
शेजारच्या धान्यवाल्याच्या काट्यावर ठेवल्या:
अठ्ठेचाळीस.
"गाडीचं बी वजन धर. अन् पोरगा बसते का मांगं?"
"आता नाही बसत," मी म्हणालो.
प्रणित मोबाईलकडे पाहत राहिला.

कडेवरचा बाण पुढं धावेल असा
उकंडरावनं टायर चढवला, हवा भरली,
तळहातानं दोनदा थापटला,
म्हशीच्या पाठीवर थापटावं तसा.

शंभर रुपये कमी पडले.
"राहू दे," तो म्हणाला, "बायकोले बांगड्या दे."
"माप?"
बॉक्सरचं, प्लॅटिनाचं, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाचं,
तालुक्यातल्या कोणत्याही गाडीचं माप
झोपेतून उठवून विचारा, सांगेल असा माणूस.
त्यानं काळ्याकुट्ट हाताची
दोन बोटं आणि अंगठा जुळवून
हवेत एक गोल धरला.
थोडा मोठा केला.
पुन्हा लहान केला.
"एवढी असंल."

मी ट्रंकेचं झाकण लावलं.
"अंदाजानं मी देत नसतो, उकंडराव.
वहिनीले बोलवा."

आतून पाण्याचा आवाज थांबला.
पदराला हात पुसत ती दारात आली
आणि आम्हा तिघांकडे पाहत
तिनं डावा हात पुढं केला.