एसीच्या पाण्यावर

रस्ता रुंद करणार होते. आदल्या संध्याकाळी
पर्ल नदीकडच्या चरातून मी ते उपटून आणलं,
हातभर मूळ, दोन डोळे,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कपडे धुवायच्या टबात.
घरामागे एसीचं पाणी ठिबकतं तिथे लावलं.
ओलसर जागा दुसरी नव्हतीच.

शेजारचा डॅरिल कुंपणावर कोपर टेकून म्हणाला,
नेल्डाबाई, बांबू?
माझ्या काकाचा अख्खा ड्राइव्ह-वे फोडला त्यानं.
तो परदेशातला, मी म्हटलं. हा नदीवरचा.
वाढला तरी अंगावरचं सोपट टाकत नाही,
शेंड्याला पानांचा पंखा धरतो, बघ.
त्यानं बघितलं. मग हद्दीलगत
पत्र्याची पट्टी पुरली, दीड फूट खोल.
चुकलं नाही त्याचं. कागदावर जमीन त्याची आहे.

पहिल्या वर्षी तीन कोंब. एक हरणानं खाल्ला.
दुसऱ्या वर्षी काही नाही,
म्हणजे वर काही नाही.
चौथ्या वर्षी त्याला बेट म्हणता येईल
असं मी एकटीनंच ठरवलं.

आईची सुरी खणात फडक्यात आहे.
टोपलीला वेळू अंगठ्याएवढा हवा,
चार फाका करायच्या, दातात धरून साल सोलायची.
तिच्या पुढच्या दोन दातांत तेवढ्यापुरती खाच होती.
माझे दात रात्री ग्लासात असतात.

सातव्या वर्षी तसा एकच झाला.
रोज सकाळी पेरांवरून हात फिरवून यायचे मी,
ताप बघावा तसा.

एप्रिलमधे चार दिवस दवाखान्यात होते.
आले, तर केयानानं, नातीनं, तोच कापून
घेवड्याला आधार म्हणून रोवलेला.
सगळ्यात सरळ तोच होता, आजी.
सरळ होता, हो.
तोंडाशी आले ते चोक्टॉ शब्द तिला कळत नाहीत,
आणि तिला कळतं त्या भाषेत
इतकं रागावता येत नाही मला.
मी आत जाऊन नळ सोडला. बंद केला.

जूनमधे घेवडा शेंड्याला पोचला,
पुढे काही नाही म्हणून हवेत चाचपत राहिला.
त्याच आठवड्यात पट्टीच्या पलीकडे,
डॅरिलच्या हिरवळीत, एक कोंब दिसला मला.
त्याच्याभोवती चार विटा मांडल्यात कुणीतरी,
गवत कापायचं यंत्र लागू नये अशा.
डॅरिल अजून काही बोललेला नाही.
मीही नाही.