घट

झाडे वकीलबाईंचं ऑफिस सीताबर्डीवर, बॅगांच्या दुकानाच्या वर.
जिना इतका अरुंद की
उतरणाऱ्याला आधी उतरू द्यावं लागतं.
मे महिना. कुलरचं पाणी संपलेलं,
नुसती ऊन हवा कागद उडवत होती.
"रडायचं असंन तर आत्ताच रडून घ्या बाई," त्या म्हणाल्या,
"मंग आपण कागदं काढू."
मला रडू येत नव्हतं. मी पिशवी उघडली.

मालमत्ता आणि देणी. प्रतिज्ञापत्रावर.
दूध किती, गॅस किती,
ओवीच्या स्कूलबसचे किती, आईला पाठवता ते किती.
बारा वर्षं मी घर अंदाजानं चालवलं.
इथं अंदाज चालत नाही,
तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट जोडायचं असतं.
त्यात मला आमची भांडणं तारखेसकट सापडली.
तीन मार्च, रात्री अकरा चाळीस, एटीएम, वीस हजार.
त्या रात्री हेमराज चप्पल न घालता गेला होता.

मनीषनगरचा फ्लॅट दोघांच्या नावावर. कर्जही.
"कोर्ट लग्न मोडंन," बाई म्हणाल्या, "बँक नाई मोडत.
तिच्या लेखी तुम्ही अजून तेरा वर्षं जोडपंच.
त्यानं हप्ता चुकवला का फोन तुमाले.
आधी कर्जातून नाव काढल्याचं बँकेचं पत्र,
मंग हक्कसोडीवर सही.
उलटं करून आलेल्या बाया
मी या खुर्चीत लय पाह्यल्या."
मी खुर्चीचे हात पाहिले. रेक्झिन सोललेलं.

पीएफवर माझा वारस अजून तोच.
मागच्या आठवड्यात मी गेले असते
तर हेमराजला माझे सगळे पैसे मिळाले असते,
आणि त्यानं, मला ठाऊक आहे,
तेरवीला बुंदीच ठेवली असती,
मला न आवडणारी.

बांगड्या त्यानं परत केल्या. स्टीलच्या डब्यात, वर रबर लावून.
आईची पावती चाळीस ग्रॅमची,
इतवारीच्या सराफ्यातली, शाई तपकिरी झालेली.
मी त्याच गल्लीत गेले.
काट्यानं अडतीस ग्रॅम चारशे मिली दाखवले.
मला आधी सासू आठवली. मग नणंद.
मग त्या दोघींच्या कपाटाची किल्ली.
सराफानं बांगडी उजेडाकडं धरली,
आतून बोट फिरवलं.
"कोणी कापली नाई ताई. झिजली.
रोजची होती ना हातात?"

रोजची होती.
कणीक, राख, ओट्याची कड, ओवीची न्हाणी,
त्याच्या शर्टाच्या कॉलरी.
म्हणजे दीड ग्रॅमहून जास्त सोनं
त्या फ्लॅटच्या मोरीतून कुठंतरी गेलंय,
आणि त्या फ्लॅटवर माझी सही आहे.

मसुद्यात लिहिलं होतं:
'अर्जदार क्र. १ हिला तिचे सर्व स्त्रीधन मिळाले,
याबाबत तिची कोणतीही तक्रार नाही.'
मी म्हटलं, सर्व खोडा. वजन लिहा.
झाडेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
"एवढ्याशा घटीसाठी?"
तक्रार नाही माझी, मी म्हटलं,
आकडा तेवढा बरोबर पाहिजे.
त्यांनी खोडलं. बाजूला दोघींनी सही केली.

अर्ज पडला की सहा महिने थांबायचं,
कोर्टाला वाटतं माणसं विचार बदलतात.
दीड वर्ष वेगळे राहिलात तर
माफीचा अर्ज करता येतो, बाई म्हणाल्या,
त्याची फी वेगळी.

संध्याकाळी हेमराजचा फोन आला.
बऱ्याच दिवसांनी आवाजात काही नव्हतं, राग नाही, काही नाही.
"यादीत कुलर नाही," तो म्हणाला.
खरंच नव्हता.
लोखंडी, दोघांनी मिळून घेतलेला,
गॅलरीतून आत आणताना त्याच्या अंगठ्याचं नख गेलं होतं.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री.
माझ्यामागं तो घरघरत होता,
ओवी त्याच्यासमोर पालथी झोपलेली.

मी म्हटलं,
जूननंतर बोलू.