मंगळवारची खुर्ची

तीन तासांसाठी आले होते.
एक चर्च, दोन गल्ल्या, एक तळलेला मासा,
चारच्या बोटीनं परत.
तिसऱ्या गल्लीत शिरेपर्यंत
हवा अंगाला चिकटू लागली,
दोरीवरच्या चादरी उत्तरेकडे तोंड करून फुगल्या
आणि तिकीटखिडकीतल्या पेरिनानं
काचेला आतून एक कागद चिकटवला.
मला वाचता येईना.
वाचायची गरजही नव्हती,
धक्क्यावर कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं.

'युगो,' ती म्हणाली,
न कळवता येऊन बसणाऱ्या एखाद्या
नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं.
दक्षिणेकडून येतो. तीन दिवस राहतो.
तो असेपर्यंत वाइनचं पिंप उघडायचं नाही,
जमिनीच्या वाटण्या बोलायच्या नाहीत,
डोकं दुखलं तर त्याच्या खात्यावर मांडायचं.
तिकीट मात्र तिनं दिलं.
बोटच नाही तर तिकीट कशाला?
'महिनाअखेरपर्यंत चालतं,'
आणि सुटी नाणी एकेक करून
माझ्या तळहातावर मोजली.

खोली तिच्याच मुलाची, बेकरीच्या वर.
भिंतीवर पोहण्याचं पदक, पट्टा विटलेला.
मुलगा ब्रेमनमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो.
या बेटावर एकही लिफ्ट नाही,
हे तिनं मला दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा हसत.
रात्रभर खाली पीठ मळणारं यंत्र
आणि मागच्या दाराशी समुद्र.
पहाटेपर्यंत दोघांतलं कोण दमलं, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता
म्हातारा व्हित्स्को धक्क्यावर आला.
निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झालीत;
तरी प्रत्येक बोटीचा दोर तोच झेलतो,
आणि पगार घेणारा झ्देस्लाव
शेजारी उभा राहून सिगारेट ओढतो.
आज बोट नव्हती. ठाऊक होतं त्याला.
बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा
लोखंडी खुंटावर हात ठेवून
तो बोटीला लागतो तेवढा वेळ थांबला
आणि घरी गेला.

चौथ्या दिवशी पाणी मुकाट झालं.
बोट आली, जबडा उघडून दार धक्क्यावर टेकलं.
आधी पिठाची पोती, गॅसच्या टाक्या,
चिवचिवणाऱ्या पिल्लांचे दोन खोके.
मग ती –
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली,
हिरव्या रेक्झिनची, एका हाताला चीर गेलेली
दंतवैद्याची खुर्ची.

सात वर्षं अर्ज केले होते म्हणे.
डॉक्टर आता दर मंगळवारी येणार.
शाळा सुटली, चारही मुलं धावत आली.
झ्देस्लावनं पायानं कळ दाबली,
खुर्ची वर गेली, खाली आली,
आणि गावानं टाळ्या वाजवल्या.
मी पेरिनाला आमच्याकडची म्हण
अर्धी शब्दांनी, अर्धी हातांनी सांगू लागले:
दात आहेत तर चणे नाहीत,
चणे आहेत तर दात नाहीत.
ती गंभीरपणे म्हणाली,
'चणे आहेत. रात्रीच भिजत घातलेत.'

पहिला मान व्हित्स्कोचा.
टोपी छातीशी धरून तो मागे रेलला,
कुणी सांगितलं नव्हतं, तरी तोंड उघडलं.
तीन दात, त्यातला एक सोन्याचा.
एक मुलगी वाकून आत पाहत राहिली,
विहिरीत पाहावं तशी.
त्याला वर फक्त आभाळ दिसत असावं.
डोळे मिटेना.

बोटीनं भोंगा दिला. मी चढले.
दोर सोडायला कुणीच नव्हतं:
एक खुर्चीत, एक कळीवर पाय देऊन.
भोंगा पुन्हा वाजला,
तेव्हा खिडकीतून पेरिना निघाली, घरातल्या सपाता घालून,
तिनं ओला फास दोन्ही हातांनी उपसला
आणि पाण्यात टाकला. जरा उशिराच.
हात झग्याला पुसले.
माझ्याकडे पाहिलं की नाही, सांगता येत नाही,
ऊन तिच्या मागून येत होतं.

तिकीट कुणी मागितलंच नाही.
अजून पाकिटात आहे, न फाडलेलं.
तो महिना केव्हाच संपला.