वजन टाकायचं नाही

मांडीतली शीर काढून खाली बसवली,
बुजलेल्या पाटाला नवा पाट.
आता टाचेवर रुपयाएवढी जखम
आणि तिच्याभोवती चारपाच माणसं.

रुबिना सिस्टर कागदी पट्टीनं मापते,
"अडीच. मागच्या सोमवारी तीन."
इलाही गॉज भिजवून सोडवतो,
माझ्याआधी त्याचाच चेहरा आवळतो.
डॉक्टरीणबाई पावलावर गार जेल लावून
यंत्र टेकवतात. खरखर, खरखर,
मग फुस्स, फुस्स...
वीज आल्यावर मोटरचं पाणी पाइपात चढावं तसं.
खोलीत कुणी बोलत नाही.

"थोडी हळद भरू का?" बायको विचारते.
चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात
हळदीचीच पोती वाहिली,
नखं अजून पिवळी.
"दुधात घाला मावशी. जखमेत नको."

आणि तो व्यायामवाला पोरगा:
"तायाप्पा, या पायावर वजन टाकायचं नाही."
हमालाला सांगतो.

रात्री ती पोटरीखाली उशी सारते,
टाच अधांतरी राहील अशी.
दोन्ही हातांनी, श्वास रोखून,
शिवण उसवलेलं पोतं
थप्पीवर ठेवावं तसा
माझा पाय ठेवते.

बिडीचं बंडल कोनाड्यात नाही.
मीही विचारलं नाही.